शून्याची चूक

१

पाटीच्या जागी चार भोकं होती.

काल संध्याकाळी तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती ती पाटी. पितळी, चार स्क्रूंवर बसवलेली, वर वडिलांचं नाव आणि खाली 'साहित्य चाचणी प्रयोगशाळा'. आज सकाळी अकराला ती लाकडी पेटी काखेत धरून जिना चढून आली, तर दाराच्या वर नुसती भिंत होती आणि उंबऱ्यावर प्लास्टरची पांढरी भुकटी सांडली होती. पाच वाजता उद्घाटन होतं. कुठकुठल्या शहरांतून माजी विद्यार्थी निघाले होते. काही तर पोचलेही होते.

"ताई, जरा माझ्या खोलीत या," मागून प्राचार्य म्हणाले. वयाने तिच्याएवढेच, सरळमार्गी माणूस. वाईट बातमी सांगायची म्हटली की आधी टेबलावरच्या वस्तू नीट लावायचे. आज त्यांनी टाचण्यांची डबी तीनदा हलवली.

"पाटी मी उतरवली," ते म्हणाले. "रंगाऱ्याने नाही, शिपायाने नाही. मी. दुसऱ्या कुणाला सांगायची हिंमत झाली नाही."

ती बसली. पेटी मांडीवरच ठेवली.

तिचे वडील या कॉलेजात चौतीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होते. पद सहायकाचं, पण मुलं त्यांना मास्तर म्हणायची, आणि पुढे मोठमोठे कारखाने काढलेली, पूल बांधलेली तीच मुलं अजूनही मास्तरच म्हणत होती. दोन महिन्यांपूर्वी मास्तर गेले. नवी प्रयोगशाळा त्यांच्या नावाने करायची, हे ठरवलं माजी विद्यार्थ्यांनीच.

"जुना पूल आठवतो का तुम्हाला?" प्राचार्यांनी विचारलं.

आठवत नसायला काय झालं? हॉस्टेल आणि वर्कशॉप यांच्या मध्ये नाला होता, आणि त्यावर लोखंडी सळयांना टांगलेला पादचारी पूल. अठ्ठावीस वर्षांपूर्वी एका शनिवारी सकाळी तो खाली आला. पुलावर त्या वेळी एकच माणूस होता, स्टोअरकीपर. त्याचा उजवा पाय गुडघ्यापासून गेला. चौकशी झाली. वीस मिलिमीटरच्या सळया हव्या होत्या, बसवलेल्या निघाल्या अठराच्याही आतल्या. ठेकेदाराने चाचणीला चांगली सळई दाखवली आणि बसवताना बारीक बसवली, असा निष्कर्ष निघाला. चौकशीने कॉलेजचं फक्त प्रमाणपत्र पाहिलं; त्यावर जाडी एकोणीस पॉइंट शहाऐंशी होती, म्हणजे पास. कॉलेजवर काही आलं नाही.

"प्रदर्शनात आपण ते प्रमाणपत्र ठेवतोय," प्राचार्य म्हणाले. "त्याच्याशेजारी मास्तरांचं मोजणीचं मूळ पान आणि चाचणी केलेल्या सळईचा तुकडा. तुकड्यावर मास्तरांचा शिक्का आहे. काल कमिटीतल्या तुमच्या त्या मायक्रॉनबाईंनी, मास्तरांच्या जुन्या विद्यार्थिनीने, सहज, सवयीने, तो तुकडा मोजला."

"मग?"

"सतरा पॉइंट शहाऐंशी. म्हणजे चाचणीला आलेली सळईच बारीक होती. आणि मूळ पानावर, मास्तरांच्या अक्षरात, एकोणीस आहे." त्यांनी टाचण्यांची डबी पुन्हा होती तिथे नेली. "प्रमाणपत्र चुकलं असतं तर लेखनिकाची चूक म्हणालो असतो. पण मूळ पानावरच..."

वाक्य त्यांनी अर्धवट सोडलं. तिने ते मनात पुरं केलं: मास्तरांनी खोटं लिहिलं. आणि त्यापायी एका माणसाचा पाय गेला.

"ते पान मला द्या," ती म्हणाली. "आणि फाइल. पाचपर्यंत."

"चारपर्यंत. चारला कमिटी बसते. तोवर मी कुणाला बोलणार नाही. पण ताई, काही निघालं नाही, तर ती पाटी परत लागणार नाही."

२

स्टोअरची खोली तळघरात होती. स्टोअरकीपर निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, तरी किल्ल्या अजून त्याच्याच कमरेला. नव्या माणसाला कुठलं कपाट कुठल्या किल्लीने उघडतं हे कळेना, म्हणून रोज त्यालाच बोलावणं जायचं. 'पेन्शन घेतो आणि हमालीही करतो,' असं तो सगळ्यांना सांगत असे.

"ये पोरी," तो म्हणाला. "पाटीचं कळलं. स्क्रू माझ्याकडेच आणून दिलेत."

तिने फाइल टेबलावर उघडली. सुटी पानं, डाव्या बाजूला दोन भोकं, त्यांतून ओवलेली लेस. प्रत्येक पानाला नंबर. एकशे बारावं पान पुलाच्या सळईचं.

ती मुद्रितशोधक होती. दुसऱ्यांची पुस्तकं छापण्याआधी वाचायची आणि चुका काढायच्या, यावर तिने वीस वर्षं पोट भरलं होतं. मजकूर समजायच्या आधी तिला अक्षर दिसायचं, आणि इथलं अक्षर वडिलांचं होतं. सातच्या कमरेवर आडवी रेघ, शून्याच्या पोटात तिरकी काट, नऊची शेपटी सरळ. उजव्या कोपऱ्यात, सगळ्या मोजण्यांच्या वर, 'शून्याची चूक +०.०३'. हा तर वडिलांचाच दंडक. उपकरण पूर्ण मिटवलं तरी ते शून्य दाखवेलच असं नाही. ते जितकं चुकतं तितकं पहिल्या ओळीत लिहायचं, मग बाकीचं. पानावर पाच मोजण्या होत्या: १९.८७, १९.८५, १९.८६, १९.८३, १९.८७. खाली सही.

तिने सहीवर बोट ठेवलं.

"अक्षर बाबांचंच आहे, काका."

"अक्षराचं काय घेऊन बसलीस? पहिल्या वर्षाला तो वर्षभर आकडे गिरवून घ्यायचा. या इमारतीतनं जो बाहेर पडला त्याचं अक्षर असंच. माझा नातू इथनं शिकला, तो दुधाचा हिशोबसुद्धा असाच लिहितो."

"ही फाइल या आठवड्यात कुणी नेली होती?"

"कमिटीवाल्या तिघांनी. गर्डर, मायक्रॉन आणि आपला टोक. आळीपाळीने. एकेक दिवस."

तिने पान उचललं आणि उजेडाकडे धरलं. कागद जुना, पिवळट. पण असे कोरे जुने कागद कपाटात गठ्ठ्याने पडले होते, ते तर समोरच दिसत होते. मग तिने बोटाच्या टोकाने लेसेची भोकं चाचपली. एकशे अकराव्या पानाची भोकं फाटून लांबट झालेली, कडांना मळ धरलेला. एकशे तेराव्याचीही तशीच.

एकशे बाराव्याची दोन्ही भोकं गोल होती. स्वच्छ, कडा अजून धारदार.

"काका," ती हळू म्हणाली, "हे पान या फाइलीत अठ्ठावीस वर्षं नव्हतंच."

३

तिघेही एकाच वर्गातले. तिघांनाही ती लहानपणापासून ओळखत होती. रविवारी घरी यायचे, चहाचे कप स्वतः विसळून ठेवायचे. टोपणनावं तेव्हाचीच.

गर्डर बाहेर मैदानावर व्यासपीठाच्या फळ्या पायाने दाबून पाहत होता. डोक्यावरचे केस गेले होते, पण आवाज तसाच, नाल्यापलीकडे जाईल असा. आता त्याने बांधलेल्या पुलांवरून रोज लाखो लोक जात होते.

"हे बघ, ही फळी वाकते. भाषणाला मी सगळ्यात शेवटी उभा राहीन," तो म्हणाला. "वजनदार माणसांनी शेवटी बोलावं. पाटीचं काय झालं गं? प्राचार्य काही बोलत नाहीत. तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे बसलेत."

"लावतायत परत," ती म्हणाली. "तुम्ही फाइल कशाला नेली होती?"

"माझं पान शोधायला. वॉशरचं." तो हसला. "पहिल्या वर्षी मास्तरांनी मला जाडी मोजायचा व्हर्नियर देऊन एक वॉशर मोजायला लावला. मी डोळे मिटून काहीतरी आकडा ठोकला. त्यांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, पुन्हा मोज. आठवडाभर, अगं. तोच वॉशर. सहाव्या दिवशी मी रडलो. पण आजही झोपेतून उठवून व्हर्नियर दिला तर चुकणार नाही."

"चूक आकडा आहे हे त्यांना न मोजता कसं कळलं?"

"मास्तरांना कळायचं," तो म्हणाला, आणि एका कामगारावर ओरडायला निघून गेला.

मायक्रॉन प्रयोगशाळेत होती, काचपेटीसमोर वाकलेली. मोजमापाची उपकरणं बनवणारा तिचा कारखाना होता. तिच्याकडून प्रमाणित झाल्याशिवाय विमानाचा भाग विमानात जात नसे, असं लोक म्हणायचे. तीही नाकारत नसे.

"मी मोजायला नको होतं का तो तुकडा?" तिने वर न बघता विचारलं. "प्राचार्यांचा चेहरा बघून कळलं, काहीतरी घोळ झालाय. पान मला दाखवत नाहीत. म्हणतात, चारला."

"फाइल तुमच्याकडे होती ना एक दिवस?"

"होती. उघडली नाही. उघडली असती तर रडले असते, आणि मला त्या दिवशी मीटिंगा होत्या." ती सरळ झाली. "तुझ्या वडिलांनी चार वर्षं माझ्याकडून वाचून घेतलं. डोळे माझे, हात टोकचा. मी आकडा सांगायचे, तो लिहायचा. जोडीच होती आमची. पहिल्या दिवशी मास्तरांनी जी लावली ती शेवटपर्यंत."

"आणि पुलाची सळई?"

"बाहेरचं काम मास्तर स्वतः मोजायचे, पान स्वतः लिहायचे. मुलांनी फक्त प्रमाणपत्राची स्वच्छ प्रत काढायची. मान असायचा तो." ती थांबली. "ती प्रत कुणी काढली होती, ते मला विचारू नकोस. मला माहीत आहे, आणि मला ते सांगायचं नाहीये."

४

टोकला शोधावं लागलं नाही. तोच तिला शोधत आला. वाचनालयाच्या लांब टेबलापाशी, हातात पाण्याचा ग्लास घेऊन.

"सकाळपासून काही पोटात गेलंय का तुझ्या? आधी पाणी पी."

शिसपेन्सिलीला सुईसारखं टोक काढायचा म्हणून तो टोक. आता एका मोठ्या कंपनीचा अध्यक्ष, त्याची सही झाल्याशिवाय कारखाने उभे राहत नसत. तरी गेली सहा वर्षं दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो मास्तरांकडे यायचा. शेवटचे दीड महिने तर दवाखान्यात रोज. वडिलांच्या दाढीला साबण लावताना त्याने गाडीच्या ड्रायव्हरलाही खाली थांबवून ठेवलं होतं, कुणी बघू नये म्हणून. तिला भाऊ नव्हता. ती त्याला दादा म्हणायची आणि ते नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं.

"दादा, फाइल तू का नेली होतीस?"

"भाषण लिहायला. जुने दिवस आठवावेत म्हणून." त्याने चष्मा पुसला. "गंमत सांगू? चार वर्षांत मी व्हर्नियरला हात लावला नाही. मायक्रॉन वाचायची, मी लिहायचो. मास्तर म्हणायचे, तुझ्या हाताला सुई आहे, तिच्या डोळ्याला. परीक्षेतसुद्धा मला तोंडी विचारून सोडलं. इतक्या मोठ्या कंपनीचा अध्यक्ष, आणि साधी जाडी मोजता येत नाही. कुणाला सांगू नकोस."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली होती.

तेवढ्यात तिच्या फोनचा गजर झाला. एक वाजला होता. वडिलांची एकची गोळी, जेवणाआधी, अर्ध्या ग्लास पाण्यातून. दोन महिने तो गजर रोज वाजत होता आणि रोज ती तो बंद करत होती, पण काढून टाकत नव्हती.

तिने फोन बंद केला. आवाज थांबला नाही.

टोकने खिशातून स्वतःचा फोन काढला. त्याचाही तोच गजर, त्याच वेळेचा. दोघं एकमेकांकडे बघत बसले. त्याने तो बंद केला आणि ग्लास तिच्याकडे सरकवला.

"तुला काही सांगायचंय का, दादा?" तिने विचारलं. का विचारलं, ते तिचं तिलाच कळलं नाही.

त्याचा हात कोटाच्या आतल्या खिशाकडे गेला, तिथे घुटमळला आणि रिकामा बाहेर आला.

"नाही," तो म्हणाला. "पाणी संपव."

५

दोन वाजता ती पुन्हा तळघरात बसली. फाइलीतली पानं एकामागून एक लावून, मजकूर न वाचता, फक्त आकड्यांचे आकार बघत. छापखान्यात अक्षराचा खिळा बदलला की तिला अर्थ न कळताही डोळ्यांत खुपतो, तसं.

पहिली गोष्ट खुपली ती सातची. एकशे तेराव्या पानापासून पुढे प्रत्येक सातच्या कमरेवर रेघ होती. मागे, एकपासून एकशे अकरापर्यंत, एकाही सातवर नव्हती. तिथले सात साधे होते, डोक्याला बाक असलेले, घाईत लिहिलेले तर नऊसारखेच दिसणारे. एकशे तेराव्या पानावरची तारीख पुलानंतरच्या मंगळवारची होती.

"काका, बाबांनी सातला रेघ कधीपासून द्यायला सुरुवात केली?"

स्टोअरकीपरने किल्ल्या खाली ठेवल्या. "मी दवाखान्यात होतो तेव्हापासनं," तो म्हणाला. "भेटायला आली तेव्हा पोरं सांगत होती, मास्तरांनी सगळ्या कॉलेजला सातवर रेघ मारायला लावलीय. लेखी झाली होती, प्रॅक्टिकल बाकी होती. शेवटच्या वर्षालाही सोडलं नाही."

एकशे बाराव्या पानावर तारीख पुलाच्या आधीची होती, आणि सातवर रेघ होती.

दुसरी गोष्ट तिला जरा उशिरा दिसली. प्रत्येक पानावरच्या मोजण्यांचे फक्त शेवटचे आकडे पाहिले तर शून्य, दोन, चार, सहा, आठ. पानामागून पान. कुठेही एक नाही, तीन नाही, पाच नाही. आणि एकशे बाराव्यावर सात, पाच, सहा, तीन, सात.

काहीतरी होतं, पण का ते कळेना. तिने पेटी उघडली.

आत हिरव्या मखमलीत व्हर्नियर कॅलिपर होता. निवृत्तीच्या दिवशी कॉलेजने वडिलांना दिलेला, त्यांचाच रोजचा. त्याच्यावर कोरलेला नंबर फाइलीतल्या प्रत्येक पानावर होता. लहानपणी रात्रीच्या जेवणानंतर वडील तिच्याकडून वस्तू मोजून घ्यायचे: नाणं, पेन्सिल, पुस्तकाचा पुठ्ठा. मोठ्या पट्टीवरचे मिलिमीटर वाच, मग सरकत्या छोट्या पट्टीवरची कुठली रेघ वरच्या रेघेशी तंतोतंत जुळते ते बघ. छोट्या पट्टीवर पन्नास घरं. एक घर म्हणजे मिलिमीटरचे दोन शतांश.

दोन शतांश. म्हणजे हे उपकरण दोनदोनच्या पावलांनीच चालतं. त्यावर शेवटचा आकडा विषम येऊच शकत नाही. वॉशर न बघताच वडिलांना गर्डरची लबाडी कळली होती ती अशी.

तिने जबडे मिटवले. कॅलिपर शून्यावर यायला हवा होता. तो एक घर पुढे थांबला, लहानपणी थांबायचा तिथेच.

'बाबा, हा दुरुस्त का करत नाही?' तिने एकदा विचारलं होतं.

'कशाला? किती चुकतो ते मला माहीत आहे. दोन शतांश. वर लिहिलं की झालं.'

पानाच्या कोपऱ्यात मात्र तीन शतांश लिहिले होते. ज्याने ते लिहिलं त्याला मास्तरांचे दंडक पाठ होते, अक्षर पाठ होतं, कपाट ठाऊक होतं. फक्त हे उपकरण त्याने कधी डोळ्यांपाशी धरलेलं नव्हतं.

तिला आनंद व्हायला हवा होता. तिने पानं सारखी केली. मग फाइल बांधली. गाठ नीट बसेना, दोनदा सोडावी लागली.

६

चारला प्राचार्यांच्या खोलीत तिघे माजी विद्यार्थी बसले होते. स्टोअरकीपर दाराशी खुर्चीवर. तिने सळईचा तुकडा आणि कॅलिपर टेबलावर ठेवला, आणि तिघांपुढे कागदाची एकेक चिठ्ठी.

"एक मोजणी करायची आहे," ती म्हणाली. "शून्याची चूक वजा करून आकडा चिठ्ठीवर लिहायचा. एकमेकांचं बघायचं नाही."

"परीक्षा घेतेस की काय?" गर्डर म्हणाला. "नापास केलंस तर माझे पूल बंद करावे लागतील." पण त्याने कॅलिपर हातात घेतल्यावर आवाज बारीक झाला. जबडे मिटवून पाहिले, मग तुकडा धरला, खिडकीकडे वळला, लिहिलं. मायक्रॉनला पाच सेकंदं लागली.

टोकने चष्मा काढला, पुन्हा घातला. पट्टी जवळ धरली, लांब धरली. त्याच्या कपाळावर घाम आला होता. शेवटी त्याने लिहिलं.

तिने चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या. तिन्हींवरचं अक्षर एकाच माणसाचं वाटावं असं. तिन्हींवर सातच्या कमरेवर रेघ. प्राचार्य वाकून वाचू लागले.

"१७.८६. १७.८६. आणि १७.८७."

"सत्त्याऐंशी?" मायक्रॉन हसली. "अरे टोक, यावर विषम आकडा येतो कुठे? हा दोनदोनने..."

तिचं हसू अर्ध्यावरच विझलं. कारण मास्तरांच्या मुलीने एकशे बारावं पान टेबलाच्या मधोमध ठेवलं होतं. मायक्रॉनने ते एकदाच वरून खाली वाचलं.

"हे मास्तरांनी मोजलेलं नाही," ती म्हणाली. "हे कुणीच मोजलेलं नाही. हे नुसतं लिहिलंय."

"पुलाच्या आधीची तारीख आहे आणि सातवर रेघ आहे," मुलगी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "ती रेघ बाबांनी पुलानंतर सुरू केली. भोकं नवी आहेत. आणि शून्याची चूक तीन आहे, कॅलिपर तर दोनच चुकतो. लिहिणाऱ्याने चार वर्षं आकडे फक्त ऐकले होते. ते सम आहेत की विषम, हे त्याला कधी बघावं लागलं नाही. त्याच्यासाठी वाचणारं दुसरंच कुणीतरी होतं." ती थांबली. "दादा, खरं पान तुझ्या आतल्या खिशात आहे ना?"



टोकने घडी केलेला पिवळा कागद काढला आणि टेबलावर ठेवला. त्यावरच्या पाच मोजण्या सतराच्या होत्या, सात साधे, रेघेविना. खाली, मास्तरांच्या हाताने, 'नापास'.

"प्रमाणपत्राची प्रत मी काढली होती," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशी पेपर होता. घाईत मी त्यांचा सात नऊ वाचला. नऊ लिहिला, आणि नऊ असेल तर पास असणारच म्हणून छापील नमुन्यातला 'पास' ठेवला. खालचं 'नापास' बघितलंच नाही. पूल पडल्यावर मी त्यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, प्रमाणपत्रावर सही माझी आहे. तू परीक्षा दे."

"आणि आता?" गर्डरने विचारलं. त्याचा आवाज पहिल्यांदाच खोलीपुरता होता.

"प्रदर्शनात दोन्ही शेजारी लागणार होते. सतरा आणि एकोणीस. माझ्या अक्षरातलं प्रमाणपत्र. मला वाटलं, दोन्ही सारखे केले की प्रश्नच मिटला. कुणालाच बोल लागणार नाही. तुकडा ठेवलेला असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही." तो तिच्याकडे वळला. "पाटी उतरवलीय हे कळल्यापासून सांगायला तोंड उघडतोय. आणि हे पान फाडायला घेतलं होतं, तेव्हा मागची बाजू दिसली. मग फाडता आलं नाही. तू वाच. पण ताई, वाचू नये असंही वाटतंय मला."

त्याने तिला ताई म्हणण्याची ही पहिलीच वेळ. तिने पान उलटवलं.

'प्रमाणपत्रात १७ चे १९ झाले. सही करताना मी पुन्हा ताडून पाहिले नाही. मंगळवारी लक्षात आले. कळवले असते तर मुलाला परीक्षेतून उठवले असते. लेखी सोमवारी संपते, मग कळवू असे ठरवले. पूल शनिवारी गेला. चूक माझी.' खाली सही आणि तारीख.

मंगळवार ते शनिवार. चार दिवस.

तिने ते पुन्हा वाचलं. व्यवसायाची सवय, दुसऱ्या वाचनात काही सुटतं का ते बघायची. काही सुटलं नाही. सकाळपासून ती वडिलांना निर्दोष ठरवायला धावत होती. खोटेपणाचा डाग पुसला गेला होता, आणि त्याच्या खाली दुसरा होता, त्यांनी स्वतःच्या हाताने नोंदवून ठेवलेला. तीनदा आलेली बढती त्यांनी का नाकारली, हे आईलासुद्धा कधी कळलं नव्हतं.

तिला दाराकडे बघायचं धैर्य होईना. शेवटी तिने पाहिलं.

"काका..."

"मला माहीत आहे," स्टोअरकीपर म्हणाला. "दवाखान्यात शुद्धीवर आलो त्याच दिवशी येऊन सांगितलं त्याने. मी त्याला शिव्या घातल्या. एक वर्ष बोललो नाही. तो रोज यायचा, स्टुलावर बसायचा, जायचा. नंतर एक दिवस मीच म्हणालो, आता आलाच आहेस तर चहा तरी आण." त्याने लाकडी पायावर हात ठेवला. "हा पाय बसवताना लांबी त्यानेच मोजली. सात वेळा. डॉक्टर वैतागला."

प्राचार्यांनी टाचण्यांच्या डबीला हात लावला नाही. "ताई," ते म्हणाले, "आता पाटीचं तुम्हीच सांगा."

तिने पंख्याखाली हलणाऱ्या पानावर तळवा ठेवला.

"पान काचपेटीत ठेवा. मागची बाजू वर करून. शेजारी प्रमाणपत्र, तुकडा, आणि हे खोटं पानही. मग पाटी लावायची की नाही ते काकांना विचारा."

"मला कशाला विचारता?" स्टोअरकीपर उठत म्हणाला. "स्क्रू माझ्याकडे आहेत. शिडी तेवढी कुणीतरी धरा."

गर्डर शिडी धरायला गेला.

टोक अजून बसलेला होता. "मी जातो," तो म्हणाला. "भाषणाचं तुम्ही बघा. मी इथे उभं राहणं बरं नाही."

"नाही, दादा," ती म्हणाली. "भाषण तुझंच आहे. तू लिहिलेलं ठेव बाजूला. हे वाच." तिने मागच्या बाजूची ओळ अन् ओळ चिठ्ठीवर उतरवून घेतली होती, ती त्याच्यापुढे सरकवली. "आणि याच्यात तुझं जे आहे, ते तू वर लिही. पहिल्या ओळीत. मग बाकीचं."

त्याने खिशातून पेन्सिल काढली. टोक सुईसारखं होतं. बराच वेळ ते कागदाला टेकलं नाही. मग टेकलं.

पाच वाजता बाकी सगळे मैदानावर होते. ती एकटीच प्रयोगशाळेत, काचपेटीसमोर. बाहेर ध्वनिक्षेपकातून टोकचा घसा खाकरल्याचा आवाज आला, आणि दाराबाहेर, शिडीवरून, चौथा स्क्रू कुरकुरत आत जाण्याचा. त्याने पहिलं वाक्य वाचलं. स्वतःचं. 

तिने कॅलिपर मखमलीवर ठेवण्याआधी जबडे एकदा मिटवले, आणि वाकून पाहिलं. दोन शतांश. मग काचपेटीतल्या कार्डावर उपकरणाचा नंबर लिहिला, आणि त्याच्याही वर, उजव्या कोपऱ्यात, ती चूक.